हरणीचं पारणं

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्या दवाखान्यासमोरचा रस्ता पहाटेपासून गजबजतो. इस्लामपूरच्या बाजूला निघालेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे बैलगाड्या, गाडीतून घसरलेलं उसाचं कांडं आणि ते तोंडात धरून पळणारी कुणाची तरी शेळी. वारं फिरलं की मळीचा आंबूस-गोड वास थेट औषधांच्या कपाटापर्यंत शिरतो. बाहेरगावच्या माणसाला तो सोसत नाही, तो नाकाला रुमाल लावतो. मला मात्र त्या वासानं थंडी पडल्याची खात्री पटते आणि थंडी पडली की वासरं आठवायला लागतात.

कारण बेंबीची ऑपरेशनं आम्ही शक्यतो थंडीतच धरतो. माश्या कमी असतात, टाके चिघळत नाहीत. काही वासरांची बेंबी जन्मल्यावर नीट मिटत नाही. तिथं भोक राहतं आणि आतडं त्यातून कातडीखाली उतरतं. पोटाखाली लिंबाएवढी, कधी नारळाएवढी पिशवी लोंबते. बोटांनी दाबली की आत जाते, सोडली की पुन्हा हजर. ते भोक शिवलं की वासराचं आयुष्य मार्गाला लागतं. फार मोठं ऑपरेशन नव्हे. पण त्यासाठी वासराला उताणं निजवावं लागतं आणि उताणं निजायला कुठलंही वासरू राजीखुशीनं तयार होत नाही.

काल दुपारी शेजारच्या वाडीवरच्या रेखाताई आल्या. मोबाईलवर आपल्या कालवडीच्या पोटाचे फोटो दाखवत होत्या, नातवाचे दाखवावेत तशा कौतुकानं. मी म्हटलं, उद्या सकाळी घेऊन या, पण आज संध्याकाळपासून दूध नाही, चारा नाही, काही नाही. बाईंचा चेहरा पडला.

"आवं म्याडम, लेकरू हाय त्ये. उपाशी कसं ठिवायचं? रातभर हंबरंल की."

"हंबरू दे. कानात बोळे घाला," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, तिखट. पण त्या गेल्यावर मी बराच वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. कारण ‘उपाशी कसं ठिवायचं’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका वेगळ्याच थंडीत, आणि ते बोलणारी बाई वडूजच्या बाजूची होती.

तेव्हा मी खंडाळा तालुक्यातल्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात पुढचं शिकत होते. माझा विषय ऐकून आमचे सोयरेधायरे तोंडात बोट घालायचे. वासराला ऑपरेशनसाठी भूल देताना पहिलं औषध कुठलं बरं, एवढाच तो विषय. जागं वासरू झोपेपर्यंतचा जो टप्पा असतो, तिथंच सगळी गोम असते. विमानाचं कसं, वर जाताना आणि खाली येताना जीव मुठीत. मधे माणूस चहा पितो. तसंच हे. त्या थंडीत आमच्याकडं वासरं यायची, सकाळच्या धुक्यात टेम्पोतून उतरायची, आणि तीन औषधांपैकी ज्याची पाळी असेल ते मी त्यांच्या मानेच्या शिरेत सोडायची.

तीन औषधं आणि तिघांचे तीन स्वभाव. थायोपेंटोन म्हणजे पिवळट पूड, पाण्यात विरघळवायची. बाटली उघडली की लसणाचा भास होतो. वासरू पटकन झोपतं, तक्रार नाही. पण उठताना त्याची फजिती बघवत नाही. पाय झाडतं, उठतं, पडतं, पुन्हा उठतं. माझे वडील दुपारच्या झोपेतून असेच उठतात. आधी विचारतात, सकाळ आहे का संध्याकाळ. केटामिनचं वासरू झोपतं, पण डोळे सताड उघडे. मालकाचा जीव उडतो. एकदा एक शेतकरी माझा दंड धरून म्हणाला होता, "म्याडम, आवं त्ये बघतंय की माझ्याकडं!" त्याला पटवता पटवता माझाच घसा कोरडा पडला. आणि तिसरं प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, सिरिंजमध्ये भरलं तर कुणीही फसावं. त्यानं वासरू अगदी अलगद झोपतं, जबडा सैल सोडतं, आणि उठतंही शहाण्यासारखं, मान उचलून आजूबाजूला बघून मग पाय गोळा करून. त्याची खोड एकच. घाईनं दिलं तर वासरू श्वास घ्यायचं विसरतं. तेवढी एक खोड पुरेशी आहे.

आईला मी हे सगळं फोनवर सांगायची. आमचं घर सांगलीजवळचं, जैनाचं. ऊस, हळद, दोन म्हशी आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. पोरगी जनावरं बरी करणार म्हणून आईला अभिमान होता, आणि पोरगी जनावरं कापणार म्हणून धास्ती होती. ती विचारायची, "त्याला कळत नाही ना गं काही?"

"नाही कळत."

"तुला कसं कळलं, त्याला कळत नाही ते?"

मी मग डोळ्याच्या हालचाली, नाडी, कातडीला चिमटा घेऊन बघणं, असलं बरंच सांगायची. आई ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बरं. हात हळू ठेव." पर्युषणात ती उपास धरते. लहानपणी मी तिच्या पारण्याच्या सकाळची वाट बघायची, कारण तेव्हा तिला भरवायला आम्हा भावंडांत भांडणं लागायची. उपास ज्यानं धरला त्यानं तो आपल्या हातानं सोडायचा नाही, घरच्यांनी घास द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळं उपाशी राहणं ही गोष्ट मला कधी क्रूर वाटलीच नाही. वासरांच्या मालकांना मी ठणकावून सांगायची, आदल्या दिवसापासून तोंड बंद. भुलेत पोटातलं उलटून वर आलं आणि श्वासनळीत गेलं, तर आतडं वाचवून फुप्फुस घालवल्यासारखं होईल.

वडूजकडचे सुभेदार आबा हे वाक्य उभ्यानं ऐकून घेणारे एकटेच. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ अजून सरळ. त्यांची खिलार कालवड हरणी. पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, काजळ घातल्यासारखे डोळे. तिची आई व्यायल्यावर चार दिवसांत गेली होती आणि आबांच्या मंडळींनी, इंदूकाकींनी, हरणीला बाटलीनं वाढवलं होतं. पहिल्यांदा दाखवायला आणली तेव्हा पिशवी पेरूएवढी होती. मी सूचना दिल्या. आबा म्हणाले, "ऑर्डर म्हंजी ऑर्डर, म्याडम. थेंब जाणार न्हाई." त्यांच्या मागं उभ्या असलेल्या काकी तेवढ्या म्हणाल्या, "लेकरू हाय त्ये. उपाशी कसं ठिवायचं?" आबांनी नुसतं वळून बघितलं.

ठरलेल्या दिवशी ते फलटण-लोणंद करत आले. शेतात जोंधळा हुरड्यावर आलेला, हवेत बोचरा गारठा, आणि टेम्पोत हरणीच्या अंगावर आबांचं फौजेतलं जुनं कांबळं. उतरवली तेव्हाच ती पाठ वाकवून उभी राहिली. मी पोटाखाली हात घातला आणि माझ्या हाताला कळलं ते मेंदूला कळायला एक क्षण लागला. पिशवी ताठली होती. गरम होती. दाबली तर आत जाईना, आणि हरणी लाथ मारून ओरडली. वाटेत कुठंतरी आतडं त्या भोकात अडकलं होतं. आता त्याला रक्त मिळत नसणार. आमचे सर आले, त्यांनी बोटं लावली आणि म्हणाले, "आजच करायचं होतं, ते बरं झालं. चला, लगेच."

त्यांनी आबांना विचारलं, "काही खाल्लेलं नाही ना?"

"न्हाई साहेब. काल सांजच्यापास्नं काय न्हाई."

त्या दिवशी पाळी पांढऱ्या औषधाची होती. मी हरणीच्या मानेवरचे केस काढले, शिरेत सुई बसवली, सिरिंज भरली. काकी हरणीचं तोंड कुरवाळत बसल्या होत्या. माझ्या हातातल्या सिरिंजकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आगं बया! तुमी बी दूधच देताय की! मग मी सकाळच्याला पाजलं त्ये काय वंगाळ झालं न्हाई म्हणायचं."

माझा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर तसाच राहिला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी काकींकडं.

"किती पाजलं, काकी?"

"तिचं हुतं तेवढं. भांडंभर." मग आमची तोंडं बघून त्यांच्या लक्षात आलं. "आमच्यात रित्या तोंडानं कुणी उंबऱ्याभायेर पडत न्हाई वो बाई. ह्ये रजंवरनं जाताना मी हातावर दही घालायची. बाळूच्या हातावर घालती."

आबांचा चेहरा तांबडालाल झाला. "तुला मराठीत सांगितल्यालं कळत न्हाई? मला साहेबाम्होरं खोटं पाडलंस!"

"आवं, बाळूला मागल्या खेपंला अर्ध्या रजंतनं बोलावलं," काकी त्यांच्याकडं न बघता हरणीशी बोलावं तशा बोलत होत्या. "गाडी दारात हुबी. मी चुलीवर दूध ठिवल्यालं, त्ये उतू जायाच्या आत पोरगं ग्येलं. काय न खाता ग्येलं. आता तकडं बर्फात हाय, फोन लागंना झालाय. हिला बी तशीच धाडू व्हय?"

बाळू त्यांचा एकुलता एक, बापाच्या मागं फौजेत गेलेला. त्याच्या जाण्याच्या दिवशी राहून गेलेली गोष्ट ती बाई एका कालवडीवर भरून काढत होती आणि तिनं दिलेल्या दुधानंच त्या कालवडीचा जीव आता आणखी धोक्यात आला होता. मला काकींचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं गलबलून आलं, की दोन्हींचं काय करावं ते सुचेना. थांबावं तर आतडं काळं पडणार. भूल द्यावी तर पोटातलं दूध घशाशी येणार.

सर शांत होते. ते असे अडचणीत आले की आवाज आणखी हळू करायचे. म्हणाले, "पाळी सोड आता. आज तुलना नाही. पण औषध हेच. जबडा पटकन सैल पडेल, श्वासाची नळी लवकर जाईल, आणि काम झालं की उठेलही लवकर. फक्त सावकाश दे. सुभेदार, इकडं या. हिला छातीवर बसती ठेवा आणि मान वर धरा. मी सांगेपर्यंत खाली नाही."

"व्हय साहेब," आबा म्हणाले आणि गुडघ्यावर बसले. पहाऱ्यावर उभा माणूस जशी बंदूक धरेल तशी त्यांनी हरणीची मान धरली. काकींना बाहेर बसवलं.

मी दांडा दाबला. पांढरी रेघ नळीतून हळूहळू शिरेकडं गेली. हरणीच्या पापण्या जड झाल्या, कान ओघळले, सगळा भार आबांच्या हातावर आला. सरांनी जबडा उघडून श्वासनळीत नळी घातली, तिच्याभोवतीचा फुगा मी फुगवला, म्हणजे बाजूनं काही आत उतरायला वाट राहिली नाही. "आता मान खाली." मान खाली झाली आणि लगेच तोंडातून फुटलेल्या दुधाच्या गुठळ्या आबांच्या धोतरावर पडल्या. सकाळचं भांडंभर दूध. फुगा फुगायला आणखी थोडा उशीर झाला असता तर ते सगळं फुप्फुसात असतं. आणि तेवढ्यात हरणीनं श्वास सोडला तो परत घेतलाच नाही.

इतकं हळू देऊनही औषधानं आपली खोड दाखवलीच. मी नळीला जोडलेली श्वासाची पिशवी हातानं दाबू लागले. दाब, सोड. दाब, सोड. मला आईचा आवाज आठवत होता, हात हळू ठेव. आबा हरणीच्या तोंडाजवळ वाकून पुटपुटत होते, "घे की गं. घे की माझी बाय." सकाळी ऑर्डरची भाषा बोलणारा तो माणूस. मग पिशवी माझ्या हाताखाली आपोआप हलली. पुन्हा हलली. मी सरांकडं बघितलं, ते आधीच चाकू घेऊन उभे होते. "झोपलीय छान," ते म्हणाले. "चला."

आतडं निळसर झालं होतं पण मेलं नव्हतं. भोक वाढवून आतडं मोकळं केलं, गरम पाण्यात भिजवलेलं कापड लावून ठेवलं, तसा हळूहळू गुलाबी रंग परतला. तो रंग परतताना बघणं यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही. टाके पडले.

आवारात उन्हाला आणून निजवली. तिनं आधी कान हलवला. मग मान उचलून आजूबाजूला बघितलं, पाय पोटाखाली घेतले आणि थोड्या वेळानं थरथरत उभी राहिली. काकी कडुनिंबाखाली बसल्या होत्या, तिथून त्या उठल्याच नाहीत. नुसत्या डोळ्यांना पदर लावून बघत राहिल्या.

दुपार कलली तशी सर म्हणाले, आता थोडं दूध चालेल. मी बाटली भरून काकींकडं नेली. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"नगं बाई. तुमीच पाजा. माझा हात चांगला न्हाई. मी जित्या जिवाला मारत हुती आज."

मी पुष्कळ समजावलं. पाठ थोपटली, थट्टा केली, रागावूनही बघितलं. बाई दगडासारखी बसून. आबा लांब उभे होते, तेही जवळ येऊन हळूच म्हणाले, "उठ की आता. मी काय म्हणतोय का तुला?" तरी नाही. मग मला एकदम आमच्या घरातली ती सकाळ आठवली.

"काकी, आमच्यात उपास झाला की पारणं असतं," मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. "उपास करणारा आपल्या हातानं खात नाही. आणि परक्याच्या हातानं तर नाहीच. घरच्या माणसानंच घास द्यायचा. माझी आई आमच्या हातानंच उपास सोडते. हरणीचा उपास आत्ता कुठं पुरा झाला. मी हिची कोण? मी तर सुई टोचणारी. तिला पारणं कोण घडवणार?"

काकींनी माझ्याकडं बघितलं. मग बाटली घेतली. हरणीनं आधी बाटली धरलीच नाही, काकींची बोटं चोखायला लागली, आणि काकींना रडू फुटलं ते थांबेचना. आबा पाठमोरे होऊन टेम्पोच्या दोऱ्या विनाकारण सोडत-बांधत होते.

हरणी माझ्या प्रबंधात नाही. उपाशी नसलेलं वासरू तुलनेत धरता येत नाही, ते बरोबरच आहे. प्रबंधात मी लिहिलं ते खरं आहे, अलगद झोप आणि शहाणी जाग पांढऱ्या औषधाची, फक्त श्वासावर हात हवा. आज कुणी मला विचारलं की तीन औषधांतलं चांगलं कुठलं, तर मी तेच सांगते. पण सांगताना डोळ्यांपुढं गणतीत नसलेली ती एकच येते.

टाके काढायला आले तेव्हा आबा टेम्पोतून उतरता उतरताच म्हणाले, "फोन आलता बाळूचा. बरा हाय." आणि मागून हरणी उतरली. तिच्या कपाळावर मधोमध दह्याचा पांढरा टिळा होता, वाळून तडकलेला.

"आज तोंडाला न्हाई लावलं," काकी म्हणाल्या. "कपाळाला लावलं. चालतंय न्हवं, बाई?"

मी म्हटलं, पळतंय.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते. उपास पाळायचा, पण निघताना दही कपाळाला लावायचं. आमच्या खात्याच्या सूचनांत हे कुठं बसत नाही. बरोबरीचे डॉक्टर हसतात. हसू देत. ज्याला निरोप द्यायचा आहे त्या माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतंच. ते नाही दिलं तर तो हात गुपचूप बाटलीकडं जातो. मी आईला हे सांगितलं तेव्हा तीही हसली आणि म्हणाली, "शिकलीस म्हणायची."

आज सकाळी धुकं होतं. उसाच्या गाड्यांना वाट देत देत रेखाताईंचा टेम्पो आला. कालवड उतरली, हंबरून हंबरून आवाज बसलेली. रेखाताईंचे डोळे तांबडे. रात्रभर दोघी जाग्या असणार. कालवडीच्या कपाळावर दह्याचा एवढा मोठा गोळा होता, की अर्धं नाकावर ओघळलं होतं.

"पुसू का म्याडम? घाण दिसतंय."

"कपाळाचं राहू द्या. नाकावरचं तेवढं पुसा, चाटंल ती," मी म्हटलं. तरीही वाकून मी तिच्या तोंडाचा वास घेतला, कारण माया आणि मायेची माणसं मला चांगली ठाऊक आहेत. दुधाचा वास नव्हता. नुसता उपाशी वासराचा ऊन श्वास माझ्या गालावर आला.

मी सिरिंज भरायला घेतली. रेखाताई त्या पांढऱ्या औषधाकडं टक लावून बघत होत्या.

"संध्याकाळी बाटली घरनं आणा," मी त्यांना सांगितलं. "पाजायचं तुम्हीच आहे."